शिवसागराच्या काठी एक दिवस

पावसाळ्यात आपण सांगलीकर कोयनेचं नाव धास्तीनंच घेतो. धरणातून किती क्युसेक सोडलं, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं, दिवसभर हेच कानावर. 2019च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना ते आकडे अजून पाठ आहेत. त्याच पाण्याजवळ मी एक निवांत दिवस काढून आले, तो आज सांगते.

साताऱ्याहून सकाळी निघालो. वाटेत कासचा तलाव लागतो. सातारकर पिढ्यान्‌पिढ्या त्याचंच पाणी पितात. नोव्हेंबर सरत आला होता, त्यामुळे पठारावर फुलं नव्हती आणि गर्दीही. ते पथ्यावरच पडलं. पुढं घाट उतरला की बामणोली, आणि समोर कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर. लांबी पन्नासेक किलोमीटर, धरणाची साठवण 105 टीएमसी. पण काठावर उभं राहिलं की आकडे सुचत नाहीत, नुसतं बघत राहावंसं वाटतं.

वासोट्याला जाणारी पोरं पहाटेच गेली होती. आम्हाला गड चढायचा नव्हता, नुसतं हिंडायचं होतं. लाँच ठरवली. डोंगराच्या कुशीत शिरलेल्या एका फाट्यात नावाड्यानं इंजिन बंद केलं. डिझेलचा वास विरला, लाटांची चुळुक तेवढी राहिली. मी पाण्यात हात घातला. गारेगार! तेवढ्यात तो बोट दाखवून म्हणाला, "ताई, ह्या हितं खाली आमची जुनी वाडी."

हात आपोआप वर आला.

स्वित्झर्लंडला जाऊन आलेले लोक लुसर्नच्या सरोवराचं वर्णन करतात, मीही कौतुकानं ऐकते. ते हिमनद्यांनी कोरलेलं. आपलं हे सरोवर साठच्या दशकात भरलं, ते माणसांनी शेतं, घरं, देवळं मागं ठेवल्यावर. कुणी ठाण्याला गेलं, कुणी सोलापूरकडं, काही आपल्या सांगली जिल्ह्यातही आले. यातलं बरंच पाणी बोगद्यांतून पोफळीला जाऊन वीज करतं. नदीत सोडलेलं कऱ्हाडला कृष्णेला मिळून आपल्या दारी येतं.

दुपारी नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा. जेवताना नावाडी सांगत होता, मे महिन्यात पाणी ओसरलं की घराच्या जोत्याचे दगड उघडे पडतात. त्याची आजी दरवर्षी तिथं नारळ ठेवून यायची.

पाचला ऊन डोंगराआड गेलं. साताऱ्याची गाडी गाठायची होती, तरी आम्ही अर्धा तास धक्क्यावरच बसून राहिलो.