वर्गात बोली आली तर

अंबरनाथ-बदलापूरकडचं आगरी घरातलं मूल पहिलीत येतं आणि म्हणतं, "बाई, मना पानी पायजे." वर्गात हशा पिकतो. त्यात बाईही हसल्या, तर ते मूल पुढे तोंडच उघडत नाही. खरं तर ते अशुद्ध बोललेलं नसतं. आपल्या बोलीच्या नियमाला धरूनच बोललेलं असतं. बाईंनी आधी पाणी पिऊ द्यावं, मग फळ्यावर घरचं आणि पुस्तकातलं अशी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहावीत. मूल न दुखावता प्रमाण मराठी शिकतं.

कातकरी आणि ठाकर मुलांची अडचण याहून मोठी. पुस्तकातले कितीतरी शब्द त्यांनी घरी ऐकलेलेच नसतात. आणि 'अभ्यासात कच्चा' असा शिक्का मारून आपण मोकळे!

घरच्या भाषेच्या बाबतीत उल्हासनगरची तऱ्हा वेगळी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये वस्तीला हे नाव मिळालं. तिथे सिंधी माध्यमाच्या शाळाही निघाल्या. पुढे ओढा इंग्रजीकडे वळला.

शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं. याच कायद्याचं कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला बंदी घालतं. बोलीवरून टिंगल हा माझ्या मते छळच.

पालकहो, असं घडत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. सरकारी शाळेत तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.