मुद्दलातून चाललेला खर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा कार्यक्रमात म्हाताऱ्या सभासदाने जुन्या आठवणी सांगायच्या, अशी रीत आहे. पण बोअरवेलला पाणी कसं लागलं, पहिली दिवाळी कशी झाली, हे माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं आणि फार छान सांगितलं. म्हणून मी वेगळा विषय घेतोय. तेल. फोडणीचं नव्हे, जमिनीखालचं. जेवण तयार आहे याची मला कल्पना आहे, त्यामुळे फार लांबवणार नाही.

आपल्याकडे पेट्रोलवर बोलणं होत नाही असं नाही. सोसायटी झाली तेव्हा लिटरचा भाव तिशीच्या आसपास होता, आता शंभरीपार आहे. दोन रुपये वाढले की गेटवर सभा भरते. पण ती सगळी चर्चा भावाची. तेल येतं कुठून, उरलंय किती, यावर चकार शब्द नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आपण व्याजाच्या दरावर भांडतो आणि खात्यातली शिल्लक बघतच नाही. खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी निसर्गाने ठेवलेली ठेव. आपल्या हयातीत त्यात कोणी भर घालणार नाही. काढाल ते मुद्दलातूनच जाणार.

यातलं एक पासबुक आपल्या अगदी जवळचं आहे. एक रुपयाची नोट कोणाकडे असेल तर घरी गेल्यावर उलटून बघा. (या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवांची असते. मुलांनो, हे क्विझमध्ये विचारतात.) मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा दिसेल. तो 'सागर सम्राट'. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, भर समुद्रात, त्याने तेल शोधलं. तेच आपलं बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय. मे १९७६ पासून तिथून तेल निघायला लागलं.

त्या शोधाचं मोल आज तरुणांना कळणार नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तीन डॉलरच्या आसपासचं पिंप बारा डॉलरच्या जवळ गेलं. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. मी तेव्हा नुकता पदवीधर झालो होतो. घरात वातीचा स्टोव्ह, आणि रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे. पाच लिटरच्या डब्यात दोन लिटर मिळाले तरी आई खूश व्हायची. अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल लागलं म्हटल्यावर देशाला केवढा धीर आला असेल!

आता पासबुकाच्या पुढच्या नोंदी बघू. १९८५ मध्ये या क्षेत्रातून दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार पिंपं तेल निघत होतं. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३४ हजारांवर आला होता. कोणी चोरलं नाही, कोणी निष्काळजीपणा केला म्हणूनही नाही. तेलक्षेत्राचा स्वभावच तो आहे. सुरुवातीला आतल्या दाबाने तेल आपसूक वर येतं. मग दाब उतरतो, बाहेरून पाणी सोडून तेल ढकलावं लागतं, आणि वर्षं जातात तसं वर येणाऱ्या मालात पाणी वाढतं, तेल कमी होतं. ओएनजीसीने २०२५ मध्ये बीपी या परदेशी कंपनीला तांत्रिक मदतीसाठी बोलावलं, उत्पादन पुन्हा वाढवता येतं का ते बघायला. वाढेलही थोडंफार. पण तेवढ्याच तेलासाठी आता खटपट आणि खर्च जास्त, हे खरं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'तेल संपणार' ही आरोळी मी गेली पन्नास वर्षं ऐकतोय. हबर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठून उतरेल. १९७० साली तसंच झालं. पण पुढे खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपला जुना विक्रम मोडला. त्यामुळे अमुक साली पंप कोरडे पडतील असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आधी संपतं ते स्वस्त, सोपं तेल. महागडं, अवघड तेल पुष्कळ दिवस पुरतं, ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला.

आपला खिसा कसा आहे? आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे भूगर्भात आणीबाणीचा साठा केलेला आहे, त्या गुहा पूर्ण भरल्या तर सुमारे साडेनऊ दिवस पुरतील. कंपन्यांच्या टाक्यांतला साठा वेगळा. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, आणि १९९१ च्या जूनमध्ये देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. तेल हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण शेवटचा धक्का तोच. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशी तारण ठेवलं. मी तेव्हा शाखेत होतो. दागिने गहाण ठेवायला आलेल्या माणसाचा चेहरा काउंटरवर रोज बघायचो. देशाचा तसा चेहरा झालेला त्या दिवशी वर्तमानपत्रात पाहिला.

आणि आपलं पडघा? आपल्याला रेल्वे स्टेशन नाही. वाशिंद गाठा नाहीतर कल्याण, दुचाकी, एसटी किंवा रिक्षाशिवाय गत्यंतर नाही. आपलं गावच मुंबई-आग्रा रस्त्यावर वाढलेलं. चहूबाजूची गोदामं डिझेलवर जगतात. जवळ आमण्याला आता समृद्धी महामार्ग येऊन टेकलाय, म्हणजे ट्रक आणखी वाढणार. भिवंडीच्या मागावर जो पॉलिस्टरचा धागा चढतो, तोही तेलातूनच आलेला. भातशेतीला टाकतो तो युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना उभा राहिला तो याच मुंबईजवळच्या समुद्रातल्या वायूवर. म्हणजे ताटातल्या भातातही हे मुद्दल थोडं खर्च झालेलं आहे.

सरकारने १९७८ पासून इंधन बचतीसाठी संस्था चालवली आहे. टायरमध्ये हवा नीट ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, वेग ४५ ते ५५ ठेवा. सल्ला उत्तम. पण तो 'तुमचे पैसे वाचतील' एवढ्यावरच थांबतो. विहिरीचं पाणी खाली चाललंय हे कोणी सांगत नाही.

आता आपल्या घरचं. आपण सगळे दर महिन्याला सिंकिंग फंड भरतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. कुरकुरत का होईना, पण भरतो. कारण इमारत कायमची नाही हे आपल्याला मान्य आहे. तेलासाठी तसा विचार आपण एकदाही केलेला नाही. पार्किंगमधे सात-आठ इलेक्ट्रिक स्कूटर आल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून वायर सोडून चार्जिंग चालतं, त्यावरून गेल्या पावसाळ्यात झालेली वादावादी तुम्हाला आठवत असेल. वायर धोक्याची आहे, हे बरोबर. पण नुसती बंदी घालून ती मुलं परत पेट्रोल पंपावर जाणार, एवढंच होईल.

वीज म्हणजे फुकट नव्हे, हेही लक्षात ठेवा. आपल्या पडघ्याच्या मोठ्या केंद्रात चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटरची वाहिनी येते, आणि चंद्रपूरची वीज कोळशाची. कोळसाही मुद्दलच. म्हणून मला गच्ची महत्त्वाची वाटते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी, त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरून, दर किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची हरकत मला माहीत आहे, गच्ची गळते. हरकत रास्त आहे. आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनल.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत मी लेखी तीन प्रश्न देणार आहे. पंप आणि जिन्याच्या दिव्यांचं कॉमन मीटरचं वर्षाचं बिल किती? वॉटरप्रूफिंगसकट सोलरचा खर्च किती आणि तो किती वर्षांत फिटेल? आणि पार्किंगमधे स्वतंत्र मीटर घालून चार्जिंग पॉइंट द्यायला वायरमन किती घेईल? खजिनदारसाहेब, तीन कोटेशन मागवा, एकावर भागवू नका. हिशेब तपासायला मी बसतो, चहा मात्र सोसायटीचा.