घोडा नाही, बंदूक नाही, तरी हजारो बायसन

शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारी माणसं म्हटलं की आपल्याला काय वाटतं? दिवसभर भटकायचं, मिळेल ते खायचं, उद्याचा विचार नाही. आज ज्या कड्याबद्दल बोलणार आहे, तो पाहिला की हा समज टिकत नाही.

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, जिथे रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या संपून गवताळ मैदान सुरू होतं, तिथे हा कडा आहे. नाव ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’. १९८१पासून जागतिक वारसास्थळ. कड्याखाली बायसनच्या हाडांचे थर सुमारे १० मीटर खोल आहेत. जवळजवळ ६,००० वर्षांचा हा हिशेब!

बायसन म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. नर वजनाला सहज ७००-८०० किलो. घोडे त्या भागात आले अठराव्या शतकात. त्याआधी सगळं पायी. मग कळप कड्यापर्यंत आणायचा कसा?

तर दगडांचे छोटे छोटे ढीग रचून मैलोन्‌मैल रांगा केलेल्या. दोन रांगा कड्याकडे निमुळत्या होत जातात. बायसनची नजर अधू, पण नाक तिखट. त्यामुळे वारा बघूनच सगळं ठरायचं. कुणी वासराचं कातडं पांघरून पुढे कळपाला भुलवायचं, कुणी लांडग्याचं कातडं घेऊन मागून रेटायचं. एकाची चूक झाली, तर सगळ्यांचा हिवाळा उपाशी.

आणि खरं काम तर शिकारीनंतर! मांस उन्हात वाळवायचं, कुटायचं, चरबी आणि रानबेरी घालून ‘पेमिकन’ करायचं. ते महिनोन्‌महिने टिकतं. चरबीसाठी हाडं फोडून पाण्याच्या खड्ड्यात उकळायची. पाणी तापवायचं तापलेले दगड टाकून. इथला वालुकाश्म तापवला की फुटतो, म्हणून टणक दगड लांबून वाहून आणायचे. मैदानात झाडं नाहीत, मग जळण? बायसनच्या रानशेण्या! हे वाचून आपल्याकडच्या आज्या नक्की हसतील.

विचार करा, दगडांची ती रांग एका पिढीने रचली, पुढच्या कित्येक पिढ्यांनी सांभाळली. शेत नाही, गाव नाही, लिपी नाही. पण उद्याचा विचार पक्का होता. यांना ‘भटके’ म्हणून मोकळं होणं मला तरी जमत नाही.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!