आपल्या सिहोरा परिसरातील अस्मानी संकटे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण)



मला विषय दिला आहे तो आभाळाचा आणि नदीचा. वारकऱ्याला तो परका नाही. तुकोबांनी 1630 च्या सुमाराचा दुष्काळ घरातच भोगला. पहिली बायको आणि मुलगा त्यात गेले. दामाजीपंतांची कथा आपण सप्ताहात ऐकतो, तीही भुकेल्यांसाठी कोठार उघडण्याचीच.

शंभर वर्षांपूर्वी इथून जी माणसं पायी निघाली, त्यांच्यातल्या थोरांनी लहानपणी दोन मोठे दुष्काळ पाहिले असणार. एक 1896-97 चा आणि दुसरा 1899-1900 चा. दुसऱ्याला जुने लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत 1956 चालू होतं. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता. आपलं पीक धान. धानाचं असं आहे, की रोवणी कितीही चांगली होऊ द्या, लोंबी भरायच्या वेळी पाणी तुटलं की हातात तणसच राहते. मध्य प्रांतात त्या वर्षांत नुसती लाखोडी खाऊन दिवस काढणाऱ्या कितीतरी माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. पोट भरलं आणि पाय गेले.

या भागात बोड्या आणि मालगुजारी तलाव आधीपासून होते. दुष्काळानंतर सरकारनेही धानाच्या मुलखात तलावांकडे लक्ष दिलं. आपला चांदपूर जलाशय इंग्रजांच्या काळातला. आता त्यात सोंड्याटोल्याहून बावनथडीचं पाणी पंपाने उचलून टाकतात. चांदपूरला हनुमंताच्या दर्शनाला जातो तेव्हा पाळीवरून एकदा त्या पाण्याकडेही बघा. आपल्या पोटातला भात तिथून येतो. दुष्काळ महिनाभर आधी चाहूल देतो, म्हणून त्याच्यावर तलाव हा उपाय चालतो. आज बोड्या गाळाने भरत चालल्या आहेत, त्याचं बोलणं वेगळ्या दिवशी करू.

पुराचं तसं नाही. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा इथे निघते, मोठा वळसा घेऊन बालाघाटवरून आपल्याकडे येते. बपेऱ्याजवळ तिला बावनथडी मिळते. वैनगंगा फुगली की बावनथडीच्या पाण्याला जायला वाट राहत नाही, ते मागे तुंबतं, आणि नाल्यांतून उलटं वावरात शिरतं. म्हणून आपल्याकडे कधी कधी नदी समोरून येतच नाही, ती मागच्या दाराने येते. रात्री झोपताना बांधी कोरडी होती, सकाळी धुरा दिसत नाही, असं सांगणारी माणसं इथेच समोर बसली आहेत.

2020 चं वर्ष आठवा. कोरोनाचं वर्ष. आषाढीला पायी वारी झाली नाही, माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात जबर पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या भीमगडच्या धरणातून, म्हणजे संजय सरोवरातून पाणी सोडावं लागलं. ते पाणी भंडारा शहरात शिरलं, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले, आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे गावंच्या गावं वेढली गेली. आपल्याकडे धान तेव्हा पोटरीच्या आसपास होता. गाळाने माखलेला धान पुन्हा उभा राहत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता नीट ऐका. तो पूर फक्त आपल्या आभाळातून आला नव्हता. भीमगडहून निघालेलं पाणी बालाघाट ओलांडून इथे यायला कित्येक तास लागतात. तेवढे तास आपल्या हातात असतात. जनावरं सोडायला, धान्याच्या कोठ्या वर उचलायला, म्हाताऱ्या माणसांना उंच टोल्यावर न्यायला तेवढा वेळ पुरतो, पण निरोप वेळेवर घरापर्यंत आला तरच. पंढरपुरात उजनीचं पाणी सुटलं की वाळवंट रिकामं करा अशी हाक फिरते आणि आपण राहुटी उचलतो. तिथे आपण कोणाला विचारत बसत नाही. मग गावी आल्यावर, आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून निवांत का बसावं?

भूकंपाचं एका वाक्यात सांगतो. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला झालेल्या भूकंपाचे हादरे नागपूरपर्यंत जाणवले होते. गारांचंही फार बोलत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत विदर्भात पडलेल्या गारांनी हरभऱ्याचं काय केलं ते आठवत असेल.

राहिली वीज. ती निरोप पाठवून येत नाही, आणि माणूस सर्वांत जास्त तिच्यानेच दगावतो. आषाढात आपल्या आयाबाया पऱ्हे घेऊन चिखलात वाकलेल्या असतात, तोच विजेचा काळ आणि तोच आपल्या वारीचाही काळ. झाडाखाली धावणं ही जुनी खोड आहे. वीज झाडावर पडते आणि जमिनीतून पायांत शिरते. गडगडाट ऐकू आला की बांधीतून बाहेर या, पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. घर जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं झोपू नका, एकमेकांना धरून घोळका करू नका. रोवणीची मजुरी बुडते म्हणून बायांना थांबवून ठेवणाऱ्या मालकांनाही सांगतो, सरकार वारसांना चार लाख रुपये देतं, माय देत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप पोरांच्या मोबाईलमध्ये घ्या.

दिंडीतल्यांसाठी एक वेगळं. मोकळ्या माळावर सगळ्यांत उंच असते ती आपली पताका, आणि ती धरणारा बहुतेक वेळा तरणा पोर असतो. ढग गरजले की विणेकऱ्याने दिंडी थांबवावी आणि पताका आडव्या कराव्यात. यात पताकेचा अवमान होत नाही.

शेवटी गावासाठी दोन कामं मागतो. 2020 मध्ये पाणी जिथवर चढलं होतं, ती रेघ नदीकाठच्या प्रत्येक गावाने मंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रंगाने ओढावी आणि बाजूला वर्ष लिहावं. पाहिलेली माणसं आहेत तोवरच ती खरी ओढली जाईल. आणि भीमगडचं पाणी सुटल्याचा निरोप तहसीलमधून आला की तो मंदिराच्या भोंग्यावरून सांगायचं काम भजनी मंडळाने घ्यावं. भोंगा आपल्याकडे आहेच, पहाटे काकड्याला आपण तो लावतोच.

रामकृष्ण हरी.