बाळाचे पहिले वर्ष आणि दुधाचा डबा



शाळेच्या पटावर मूल येते ते सहाव्या वर्षी. त्याच्या पहिल्या वर्षाशी शिक्षकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु मुळशी तालुक्यातील एखाद्या वाडीत बाळाच्या दुधाचा डबा येतो, तेव्हा त्यावरील बारीक अक्षर वाचून घेण्यासाठी तो पुष्कळदा शिक्षकापुढेच ठेवला जातो. मजकुराचा मोठा भाग इंग्रजीत असतो. बाळाची आजी म्हणते, “गुरुजी, यात पाणी किती घालायचं ते तेवढं सांगा.” या एका प्रश्नाचे उत्तर नीट देणे म्हणजे कधी कधी एक जीव वाचविणे असते. म्हणून हा विषय शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.

प्रथम डब्याचे गणितच पाहावे. ते चौथीच्या मुलालाही सुटेल. पुष्कळ डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्यास एक सपाट चमचा पावडर असे प्रमाण दिलेले असते. चमचा डब्यातच असतो आणि त्यात साधारणपणे साडेचार ग्रॅम पावडर मावते. केवळ वरच्या दुधावर असलेल्या लहान बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. बाळ चार किलोचे असेल, तर दिवसाचे ६०० मिलिलिटर दूध झाले, म्हणजे वीस चमचे, म्हणजे ९० ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा या हिशेबाने साडेचार दिवसांत संपतो. महिन्याला सहा-सात डबे लागतात. डब्यावरील किंमतीला सातने गुणावे आणि तो आकडा घरच्या मिळकतीशेजारी फळ्यावर लिहावा.

प्रत्यक्षात काय घडते? मजुरीच्या पैशांतून एक डबा आणला जातो आणि तो पुढच्या मजुरीपर्यंत पुरवावा लागतो. मग दोन चमच्यांच्या जागी एक पडतो. डबा नऊ दिवस पुरविला, तर बाळाला निम्मेच अन्न मिळते. बारा दिवस पुरविला, तर तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक. पोट मात्र पाण्याने भरलेले असते. असे बाळ पुढे पुढे फारसे रडतही नाही, निपचित पडून राहते आणि घरची माणसे कौतुकाने म्हणतात, “पोर मोठं शहाणं आहे.” उपासमारीचे याहून फसवे रूप दुसरे नसेल. याच्या उलट, बाळ लवकर बाळसे धरावे म्हणून कोणी पावडर जास्त घालतो. तेही घातक आहे, कारण घट्ट दुधातील क्षार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुळशीत पाण्याचा तोटा नाही. ताम्हिणीकडे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. पण नेमक्या याच दिवसांत ओढ्या-विहिरींचे पाणी गढूळ होते, सरपण ओले असते आणि दर दोन-तीन तासांनी पाणी उकळणे होत नाही. पावडरही निर्जंतुक नसते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. म्हणून पाणी चांगले उकळावे, ते पुरते निवण्यापूर्वीच, कढत असताना पावडर कालवावी, मग दूध कोमट करून पाजावे आणि उरलेले दोन तासांनंतर टाकून द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. गरीब घरात दूध टाकून देणे जिवावर येते. पण तेच दूध संध्याकाळी पाजल्यास हगवण ठरलेली. रबरी बूच असलेली बाटली तर घेऊच नये. तिच्या कोपऱ्यांत राहिलेली साय हातातून सुटत नाही. वाटी-चमचा बरा. आपल्या आज्यांचे बोंडले, जे उघडे असल्यामुळे घासता येते, तेही बाटलीपेक्षा शहाणपणाचे होते.

हा धोका नवा नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे भाषण करून, डब्याच्या दुधाची खोटी भलावण करून बाळांचे जीव धोक्यात घालणे ही हत्याच होय, असे स्पष्ट बजावले होते. जागतिक आरोग्य सभेने या व्यापारासाठी आचारसंहिता संमत केली ती १९८१ साली. मध्ये बेचाळीस वर्षे गेली.

मग डबा घरात येतो तरी का? बहुतेक वेळा “आईला दूध पुरत नाही” या समजुतीने. बाळ रडले की हा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दूध हे बाळाच्या ओढण्याने तयार होते. जितके ओढावे तितके वाढते. एक वेळ वरचे दूध दिले, की बाळ अंगावर तेवढे कमी ओढते, दूध खरोखरच कमी होते आणि समजूत खरी ठरते! दूध पुरते की नाही याची खूण सोपी आहे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. प्रसूतीनंतर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकू नये. तीच त्याची पहिली लस होय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा लागत नाही. मध, साखरपाणी आणि गुटी यांविषयी आजीशी बोलताना मात्र सांभाळून बोलावे. तिने त्याच सहाणेवर उगाळून चार मुले वाढविली आहेत, तिला अडाणी म्हटल्यास दार बंद होते. सहाणेवरचे पाणी आणि वर्षाच्या आतील बाळाला मधातून होऊ शकणारी विषबाधा, एवढ्या दोनच गोष्टी तिला शांतपणे सांगाव्यात.

पिरंगुट-हिंजवडीकडील कारखान्यांत व कचेऱ्यांत जाणाऱ्या आईची अडचण खरी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पात्र स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. वीटभट्टीवरच्या आईला यातले काही मिळत नाही. अशा आईने कामावर जाण्यापूर्वी स्वच्छ हाताने दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या वाटीत गार जागी ठेवावे. ते चार तास चांगले राहते आणि घरचे माणूस चमच्याने पाजू शकते. शाळेतील मोठ्या मुलीवर हे काम येत असेल, तर शिक्षकाने गैरहजेरीचा शेरा मारण्यापूर्वी घरी एक फेरी मारावी.

तरीही काही बाळांना वरचे दूध लागतेच. आई दगावलेली असते, किंवा तिचे औषधच असे असते की डॉक्टर अंगावर पाजू देत नाहीत. कमी दिवसांच्या बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली होय. पुण्याच्या ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. पण रुग्णालयातून घरी आल्यावर डबा निवडावाच लागला, तर तो डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडावा आणि त्यावरील वयाचा मजकूर, वापराची शेवटची तारीख व अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहावा. महाग डबा म्हणजे अधिक पौष्टिक, हा भ्रम आहे. घटकांचे सरकारी प्रमाण सर्वांना सारखेच बंधनकारक असते. जो डबा पूर्ण प्रमाणात, खंड न पडता घेता येईल तोच चांगला. चहासाठी मिळणारी दूध पावडर बाळाला कदापि देऊ नये. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध हेही बाळाचे मुख्य पेय होऊ नये.

१९९२ च्या कायद्याने या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि मातांना भेटवस्तू यांस बंदी आहे. डब्यावर बाळाचे वा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे सर्व विक्रीचे खाद्य त्यात आले. मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या आवारात बाळाच्या खाद्याचे फलक लावून कोणी कार्यक्रम करू म्हणेल, तर मुख्याध्यापकांनी हा कायदा ध्यानात ठेवावा.

सहा महिने पूर्ण झाले, की उष्टावण. मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. त्यामुळे मुलीच्या वाट्याला पाचवा किंवा सातवा महिना येतो. एक थोडा लवकर, दुसरा थोडा उशिरा. सोहळा केव्हाही होवो, खाणे दोघांनाही सहा महिने भरताच सुरू व्हावे. खरी चूक पुढेच होते. सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली जाते, पाहुणे जेवून जातात आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला पुन्हा पातळ पेज मिळते. मुळशीच्या आंबेमोहोराचा मऊ भात, मुगाचे घट्ट वरण आणि वर तूप, हे डब्यातल्या कोणत्याही खाद्याला मागे टाकील. नाचणी, कुस्करलेले केळे, शिजवलेली भाजी, घरात चालत असल्यास अंडे, ही हळूहळू द्यावीत. घास चमचा कलता केला तरी ओघळू नये इतका घट्ट असावा. आठव्या महिन्यापर्यंत दिवसाला दोन-तीन वेळा, नवव्यापासून तीन-चार वेळा खाऊ घालावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. हगवण लागली तरी ते तोडू नये; जलसंजीवनीची पुडी आशाताईंकडे मिळते.