पत्रावळी मोजू नका

इतके कारखाने बंद, इतक्या कामगारांची कपात, अशी बातमी अधूनमधून कानावर येते. मागच्या महिन्यापेक्षा आकडा उतरला की आपण हुश्श करतो. ते हुश्श जरा आवरा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

हा आकडा येतो कुठून? बहुतेक मालकाच्या नोटिशीतून, त्याने सरकारकडे मागितलेल्या परवानगीतून. म्हणजे लग्नात उचललेल्या पत्रावळी मोजून किती माणसं जेवली ते सांगायचं. पण मांडवामागे उभ्यानेच दोन घास खाणारा वाढपी, भांडी घासणारी बाई, यांची पत्रावळ असते कुठे? अन्न कमी पडलं तर आधी उपाशी राहतात तीच. आणि यजमान पत्रावळी मोजून खुशाल सांगतो, कुणी उपाशी गेलं नाही!

कारखान्यात वेगळं काय होतं? ऑर्डरी घटल्या की पहिला घाव कंत्राटी कामगारावर. गेटवर कंत्राटदाराचा माणूस म्हणतो, ‘उद्यापासून येऊ नका, लागलं तर फोन करू.’ झाली कपात. ना नोटीस, ना हिशेब. कायम कामगारांची पाळी येते, कागद हलतात, आकडा फुगतो, तोवर ही माणसं कधीच घरी बसलेली असतात.

हे आजचंही नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, त्यातले अडीच लाख कामगार सगळ्यांना पाठ आहेत. पण रोज सकाळी गेटवर येऊन, कुणी गैरहजर असेल तरच काम मिळणारे बदली कामगार? ले-ऑफमध्ये निम्मा पगार देणाऱ्या औद्योगिक विवाद कायद्यानेही वर्ष न भरलेल्या बदलीवाल्याला पंगतीबाहेरच ठेवलं होतं.

आणि पंगत आणखी आखडते आहे. कपातीसाठी, कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागायची ती 100 कामगारांपासून. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती हद्द 300 वर नेली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांचं तर विचारूच नका. एका शेडमध्ये माणसं मोजकी. सूत महागलं की माग थांबतात, माणसं गावी जातात, आणि सरकारदरबारी काही घडलेलंच नसतं.

मग मोजायचं कसं? अमेरिकेत मोजणी कामगाराच्या बाजूने व्हायची. एकाच मालकाकडच्या 50 जणांनी पाच आठवड्यांत बेकारी भत्त्यासाठी अर्ज केले की मोठी कपात म्हणून नोंद. 2013 मध्ये सरकारी खर्चकपातीत ही मोजणीच गेली! ते असो. मुद्दा पुन्हा सांगतो: मालकाचा कागद मोजू नका, घरी बसलेला माणूस मोजा.

आपल्याकडे त्याची खूण भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात सापडू शकते. कंत्राटदाराने भरणा थांबवला की कळतं. पण मुळात तो भरत असेल तर! म्हणून कंत्राटावर काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, आज घरी गेल्यावर आपलं पीएफचं पासबुक उघडा आणि मागच्या महिन्याची रक्कम जमा झाली आहे का, तेवढं बघा.