अहवालातील अनपेक्षित नोंद



तपासणी होते मूतखड्याची आणि अहवालात नोंद येते फुप्फुसाच्या तळाशी दिसलेल्या बारीक गाठीची. अशा नोंदीने घर हवालदिल होते, किंवा अहवाल फडताळात पडून राहतो. दोन्ही गोष्टी अहितकारक आहेत.

१९७१ साली लंडनमध्ये रुग्णाचे पहिले सी. टी. स्कॅन झाले. तेव्हापासून यंत्राची दृष्टी सूक्ष्म होत गेली; परंतु दिसणारी प्रत्येक गोष्ट रोग नसते. उतारवयात मूत्रपिंडात आढळणारी साधी, पाण्याने भरलेली गाठ बहुधा निरुपद्रवी असते. फुप्फुसातील चुनखडीसारखा कठीण ठिपका पुष्कळदा बऱ्या झालेल्या क्षयाचा वण असतो.

अतिशोधालाही किंमत द्यावी लागते. दक्षिण कोरियात सोनोग्राफीचा प्रसार झाल्यावर थायरॉईड कर्करोगाचे नोंदलेले प्रमाण २०११ साली १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले.

याउलट, काही नोंदी वेळीच सावध करून प्राण वाचवितात. फुप्फुसातील ६ मिलिमीटरहून लहान भरीव गाठीस एरवी सहसा फेरतपासणी लागत नाही. गाठ मोठी असल्यास किंवा रुग्ण धूम्रपान करीत असल्यास सल्ला बदलतो.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : गाठीचा आकार किती? ती पूर्वी होती काय? फेरतपासणी केव्हा करावी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जुन्या चित्रांतच मिळते. दोन वर्षांत न वाढलेली भरीव गाठ बहुधा निर्धोक ठरते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना एवढे जरूर सांगावे : जमिनीच्या कागदांप्रमाणेच तपासणीची चित्रेही जपून ठेवा.